शंका आली की नापास

रविवार, १० नोव्हेंबर

प्रसादच्या सांगण्यावरून लिहायला बसले आहे. त्याचं म्हणणं असं, की मी घरात दिवसभर जे ऐकवते त्यातलं निम्मं जरी कागदावर उतरलं तरी इथे आखातात, रिग्गईतल्या आमच्या या दोन खोल्यांना तेवढीच विश्रांती मिळेल. नवरा आहे, बोलणारच.

आज वादाला विषय रग्बीचा. आमच्या कन्येला, पूर्वीला, रग्बी खेळायची आहे. अकरावी सायन्स, मार्चमध्ये परीक्षा, आणि बाईसाहेबांना समोरून धावत येणाऱ्या मुलीची कंबर धरून तिला आडवं करायचं आहे. खालच्या मजल्यावरच्या झहूरभाईंनी मुलींची टीम काढली आहे, त्यांची माहीन खेळते, म्हणून पूर्वीलाही खेळायचंय. मी नाही म्हटलं.

"व्हाय?"

"मान मोडली तर?"

"माहीनची मोडली का?"

"अजून नाही."

"देन?"

"शंका आहे ना? मग नाही."

हे माझ्या नोकरीतलं वाक्य आहे. अहमदीला तेलाच्या पाइपांचे सांधे वेल्ड झाले की त्यांचे एक्स-रे काढतात. ती फिल्म मी अंधाऱ्या खोलीत उजेडाच्या पेटीवर लावते आणि पास की नापास ते लिहिते. वेल्डमध्ये केसाएवढी चीर असू शकते, नसूही शकते. असू शकते ना? मग नापास, सांधा कापा, पुन्हा करा. उकळत्या तेलाच्या पाइपला 'बहुतेक चालेल' चालत नाही.

पूर्वीने दुधाचा कप उचलून, तिची करंगळी वर काढून, माझ्याकडे बघत घोट घेतला. ती करंगळी सासूबाईंची, त्यांच्याकडून प्रसादला, प्रसादकडून हिला आली. बाकीची बोटं मिटली तरी ही एक ताठ बाहेर, दुमडतच नाही. लग्नात प्रसादने माझा हात धरला तेव्हा मला वाटलं होतं, हा मनाने कुठेतरी चहा पितोय.

शनिवार, १६ नोव्हेंबर

झहूरभाई आणि फखरुन्निसाभाभी सांदणं घेऊन आले. सांदणं आली की काम असतं, हे मला आता ठाऊक आहे.

झहूरभाई मूळचे दापोलीकडचे, फरवानियात खेळाच्या सामानाचं दुकान. रग्बी लीगचे सेक्रेटरीही तेच, कारण चेंडू तेच विकतात. दर शुक्रवारी अहमदीला नऊ-नऊ जणांचे सामने होतात. लांबट चेंडू घेऊन पळायचं, समोरच्यांची शेवटची रेषा ओलांडायची आणि चेंडू जमिनीला टेकवायचा. टेकला की ट्राय, चार गुण. एवढ्या साध्या गोष्टीवरून गेल्या वर्षी अशी भांडणं झाली, की सालमियाच्या लेबनीज टीमने झहूरभाईंच्या दुकानातून मोजे घेणंसुद्धा बंद केलं. टेकला, नाही टेकला, बोट मध्ये होतं, पाय रेषेवर होता. म्हणून या वर्षी स्टँडवर तीन फोन लावून शूटिंग करायचं, आणि मैदानाकडेच्या पत्र्याच्या पोर्टाकॅबिनमध्ये बसून कुणीतरी ते बघून खरं काय ते सांगायचं.

"ते तुमी," झहूरभाई म्हणाले.

"मला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणून तर. ज्याला कळतां तो कुणाच्या ना कुणाच्या बाजूचा असतो. आपला तो बाब्या आनि दुसऱ्याचा ता कार्टा. तुमी कुणाच्याच नाय. आनि डोळा तुमचा असा, की लोखंडाच्या पोटातली चीर दिसते."

शूटिंग बघण्याचं यंत्र भाभी चालवणार. त्या लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतात, एकेक चित्र पुढेमागे सरकवणं त्यांच्या हातचा मळ. "लग्नात सगळे चांगलेच दिसायला लागतात," त्या म्हणाल्या, "हितं खरां दिसायला लागतां. मलाच सवय नाय."

या वर्षी हे सगळं चाचणीवर आहे. फायनलपर्यंत निभावलं तर कायमचं, आणि भांडण झालं तर कॅमेरे विकून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी हो म्हटलं. खरं लिहायचं तर मला फार बरं वाटलं. ऑफिसात माझं नाव फक्त कुणाचा तरी सांधा नापास झाला की निघतं.

पूर्वी दारात उभी होती. "सो यू कॅन गो, बट आय कान्ट?"

"मी खेळत नाही. मी बघते."

ती तिच्या खोलीत गेली, आणि मागोमाग प्रसादही गेला. बराच वेळ दोघांची कुजबुज चालली होती. बापाने समजूत घातली असावी.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

पहिला दिवस पार पडला. पोर्टाकॅबिनला पडदे लावून अंधार केला, एसी गार, थर्मासमध्ये चहा, समोर उजळलेला पडदा. माझ्या ऑफिसचाच भाऊ म्हणायचा.

मैदानावरचा रेफरी वॉरन. ऑस्ट्रेलियन, ड्रिलिंगवाला, उन्हाने कायमचा लाल झालेला. त्याला खात्री नसली की तो हाताने हवेत चौकोन काढतो आणि वॉकीटॉकीवर मला विचारतो. आज सहा वेळा विचारलं. मी सहाही नापास केले. एकात चेंडू जमिनीपासून केसभर वर असू शकत होता. एकात बुटाची कड रेषेला लागली असू शकत होती. जिथे शंका, तिथे नापास. अहमदी, जहरा, सालमिया, कुठल्याच टीमची गय केली नाही. सगळ्यांना एकच माप.

संपल्यावर बाहेर आले तर कुणी माझ्याशी बोलेना. सातत्य लोकांना पचत नाही.

घरी येऊन बघते तर पूर्वी पुस्तकात डोकं घालून बसलेली. प्रसादने तिच्यासाठी फरवानियात केमिस्ट्रीचा क्लास शोधलाय, दर शुक्रवारी. नेआण तोच करणार आहे. सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून न निघणारा माणूस, पण मुलीच्या शिक्षणासाठी हलला. मला भरून आलं आणि तसं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, त्यात काय."

शनिवार, २३ नोव्हेंबर

वॉरन घरी आला. चहा घेतला, चकली खाल्ली, आणखी एक खाल्ली, मग म्हणाला की कालचा दिवस लीगच्या इतिहासातला सगळ्यात वाईट होता, आणि तो माझ्यामुळे.

त्याने नियम समजावला. मला विचारण्याआधी तो स्वतः जागेवर एक निर्णय देतो, ट्राय किंवा नो ट्राय. तो सगळ्यांत जवळ उभा असतो. माझ्याकडे त्याच्या विरुद्ध पुरेसा पुरावा असेल, डोळ्यांना स्वच्छ दिसत असेल, तरच मी तो उलटवायचा. शंका असेल तर त्याचा निर्णय कायम. शंका म्हणजे नापास नव्हे.

"मग शंकेचं करायचं काय?" मी विचारलं.

"काही नाही. ती घेऊन घरी जायचं."

"माझ्या कामात असं चालत नाही."

"उल्का, तो चेंडू आहे. त्याचा स्फोट होत नाही."

तो गेल्यावर मी बराच वेळ गॅलरीत बसले. वीस वर्षं एकाच प्रकारे नाही म्हणत आल्यावर दुसऱ्याच्या 'हो'ला हात न लावणं अवघड जातं. पण नियम नियम आहे, आणि तो मला आता कळला आहे.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

आज चार वेळा विचारलं. दोन उलटवले, दोन कायम ठेवले. जहरा टीमच्या ट्रायमध्ये चेंडू टेकला की नाही ते देवालाच ठाऊक. वॉरनने ट्राय दिला होता, मी कायम ठेवला. जहराची पोरं दिवसा टँकर चालवतात आणि पंजाबातून कबड्डी घेऊन आली आहेत. तीन जण येऊन मला वाकून नमस्कार करून गेले.

सालमियाचा कॅप्टन इलियास पोर्टाकॅबिनच्या दारात आला. दाढी, खांदे, गुडघ्याला पट्टी. म्हणाला, "मॅडम, मागच्या शुक्रवारी असाच आमचा गेला. आज यांचा आला. कॅमेरा तोच, डोळे तेच. काय बदललं?"

त्याचं बरोबर होतं. चुकीला धरून राहिले असते तर सातत्य राहिलं असतं. सोडली, तर मी दलबदलू. मी म्हटलं, "मागचा माझा चुकला. आजचा बरोबर आहे. यापुढचे सगळे आजच्यासारखे असतील."

"बघू," तो म्हणाला.

मलाही बघायचंच आहे. हे मला जमलंच पाहिजे, असं फार दिवसांनी कशाबद्दल तरी वाटतंय.

शुक्रवार, १३ डिसेंबर

या कामाची एक गंमत आहे. माझ्याकडे माणसं तुकड्यांनी येतात. एक पाय, एक कोपर, पाच बोटं. अख्खा माणूस मला दिसतच नाही. पाइपचंही तसंच, वीतभर फिल्म दिसते, मैलभर पाइप दिसत नाही.

आता मुलींचे सामनेही आमच्याकडे येतात. सकाळी ते आधी होतात. मुलींच्या डोक्याला मऊ टोप, तोंडात दात वाचवायचं रबर, सगळ्या सारख्याच दिसतात. आज झहूरभाईंच्या फरवानिया टीमच्या अकरा नंबरचा पाय बाहेर गेला का, असा प्रश्न आला. भाभींनी पडद्याच्या कोपऱ्यात नाव टाकलं होतं, पी. प्रसाद. कुणी आंध्रची मुलगी असावी, त्यांच्यात असं आधी अक्षर लावतात. काय पळते पण ती. डावीकडून निघाली आणि तिघींना मागे टाकून रेषेच्या आत दोन बोटं पाय ठेवून गेली. पाय आतच होता, स्वच्छ. ट्राय.

"ही मुलगी चांगली आहे," मी म्हटलं.

"चांगलीच हाय," भाभी म्हणाल्या आणि त्यांना ठसका लागला. चहा गरम होता.

आईबापांचं मात्र नवल वाटतं. पोटच्या पोरीला असं पाठवायला कसं धजवतं कोण जाणे.

शनिवार, १४ डिसेंबर

पूर्वीचं कोपर सोलवटलंय. बसच्या पायरीवर पडली म्हणे. मी डेटॉल लावून पट्टी बांधली. "क्लासला बाबा नेतात, मग बस कुठली?" असं विचारलं, तर प्रसाद आतून ओरडला, "शाळेची." शाळेची बस, बरोबर. प्रसाद हल्ली कपडेही धुतो. पूर्वीचे मोजे चक्क हाताने घासत होता. वय झालं की माणूस सुधारतो हे खरं.

शुक्रवार, ३ जानेवारी

आज मोठा तमाशा. सालमिया विरुद्ध अहमदी, शेवटची मिनिटं. इलियास रेषेपलीकडे झेपावला, अंगावर दोघं पडले. चेंडू आणि जमीन यांच्यामध्ये बोट आलं तर ट्राय नाही. वॉरन म्हणाला, नो ट्राय, तरी बघून सांग. तिन्ही कॅमेरे पाहिले. चेंडूखाली काहीतरी काळपट होतं, बोट असेल, गवताची सावली असेल. भाभींनी इतक्या वेळा मागेपुढे केलं की मला बोटं स्वप्नात येतील.

पुरेसा पुरावा नाही. मैदानावरचा निर्णय कायम. सालमिया हरली.

इलियासने दार वाजवलं नाही, उघडलंच. "तो टेकला होता. मला माझ्या हाताचं कळत नाही का?"

"टेकला असेल. मला दिसला नाही."

"तुमचा मुलगा असता तर दिसला असता."

"मला मुलगा नाही," मी म्हटलं.

झहूरभाई मध्ये पडले, "यल्ला हबीबी, खलास," करत त्याला बाहेर नेलं. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. बहुतेक विकले तर कॅमेऱ्यांना किती भाव येईल याचा हिशेब करत होते.

मी चुकले नाही हे मला माहीत आहे. पण तो खोटं बोलत नव्हता हेही माहीत आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात याची मला सवय नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

धुळीचं वादळ. समोरची बिल्डिंग दिसत नाही. सामने रद्द. योगायोग म्हणजे केमिस्ट्रीचा क्लासही रद्द. पूर्वी दिवसभर खिडकीशी चिडून बसली. या वयात अभ्यासाची एवढी ओढ मला नव्हती.

मंगळवार, २८ जानेवारी

केमिस्ट्रीत ब्याऐंशी मिळाले. आधी एकसष्ट होते. मी प्रसादला म्हटलं, क्लासच्या सरांना एकदा भेटून येऊ, निदान बर्फी तरी देऊ. तो म्हणाला, सर फार लाजाळू आहेत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

फरवानियाच्या मुली फायनलमध्ये गेल्या. झहूरभाई लहान मुलासारखे नाचले. त्या पी. प्रसादने दोन ट्राय केले, त्यातला एक माझ्याकडे आला. वॉरनने ट्राय दिला होता. पण चेंडू रेषेच्या आधीच हातातून पुढे निसटला होता, लख्ख दिसत होतं. मी उलटवला. भाभींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लग्नाच्या व्हिडिओतून नवरीच कापली.

"काय झालं?"

"काय नाय ताई. बरोबर केलाव. बरोबरच केलाव."

संध्याकाळी पूर्वी माझ्याशी बोलेना. कारण विचारलं तर म्हणे, "नथिंग. समटाइम्स यू आर टू गुड ॲट युअर जॉब." कौतुक असावं. मी थँक यू म्हटलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

उद्या फायनल. रमझानच्या आधी सगळं उरकायचं आहे. आधी पुरुषांची, मग मुलींची, म्हणजे सगळे शेवटपर्यंत थांबतील. झहूरभाई म्हणाले, "वहिनी, उद्याचा दिवस सांभाळलाव की कॅमेरे आपले." त्यांच्या आवाजात काळजी होती. तीन जानेवारीनंतर इलियास सगळीकडे सांगत सुटलाय की पोर्टाकॅबिनमधल्या बाईंचं माप माणूस बघून बदलतं. उद्या एक जरी तसा दिसला, तर सालमिया लीग सोडणार आहे.

मी चार वेळा उठून पाणी प्यायले. प्रसादही जागाच आहे. त्याला कसली काळजी, कोण जाणे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिते.

पुरुषांची फायनल जहराने जिंकली. माझ्याकडे एकच प्रश्न आला, सोपा होता. मग मुली उतरल्या, फरवानिया विरुद्ध अहमदी. आम्ही आत अंधारात, बाहेरचा नुसता आवाज. शेवटी अहमदी दोन गुणांनी पुढे. तेवढ्यात एवढा गलका झाला की पोर्टाकॅबिनचा पत्रा थरथरला, आणि वॉकीटॉकीवर वॉरन आला. "फरवानिया अकरा. मैदानावर माझा निर्णय नो ट्राय. बोट चेंडूखाली आलं असं मला वाटतं. बघून सांग."

ट्राय दिला तर फरवानिया जिंकते. नाही तर हरते.

भाभींनी पहिला कॅमेरा लावला. नुसत्या पाठी. दुसरा लावला. अकरा नंबर हवेत झेपावलेली, उजव्या हातात चेंडू, पंजा पसरलेला.

करंगळी वर.

मी म्हटलं, "थांबवा." भाभींनी आधीच थांबवलं होतं. पडद्यावर ती करंगळी माझ्या पंजाएवढी मोठी दिसत होती. कोपरावर सोलवटल्याचा डाग, डिसेंबरात मी डेटॉल लावून पट्टी बांधली होती अगदी त्याच जागी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी दर शुक्रवारी अहमदीपर्यंत घालत होते. पी. प्रसाद. आंध्रची मुलगी. लाजाळू सर. भाभींकडे पाहिलं तर त्या पडद्याकडेच बघत होत्या, डोळ्यांत पाणी. "ताई," त्या हळूच म्हणाल्या, "तिसरा लावू?"

आधी राग आला. मग तो राहिला बाजूला आणि एवढंच वाटलं, की ही माझी पूर्वी आहे आणि किती उंच उडाली आहे. मला माहीतच नव्हतं.

तिसरा लावला. चेंडू जमिनीवर येतोय. दुसऱ्या मुलीच्या दंडाआड हाताची बाहेरची बाजू झाकलेली. चेंडूखाली, करंगळीच्या बाजूला, तीच काळपट रेघ. बोट असेल, सावली असेल.

पण मला माहीत होतं. जगात फक्त तीन माणसांना माहीत असेल, आणि त्यातली एक मी. ती करंगळी दुमडत नाही. ती चेंडूखाली जाऊच शकत नाही. म्हणजे ती सावली होती, चेंडू टेकला होता, आणि माझी लेक फायनल जिंकली होती.

मी वॉकीटॉकी उचलली आणि खाली ठेवली. आमच्या फिल्मवर वेल्डरचं नाव नसतं, नुसता नंबर असतो. नाव कळलं की डोळा बदलतो म्हणून. इलियासच्या हाताबद्दल मला काही माहीत नव्हतं, म्हणून तो हरला. हिच्याबद्दल माहीत आहे म्हणून ही जिंकणार? मला जे कळलं ते पडद्यावर नव्हतं. ते आमच्या घरातल्या दुधाच्या कपावर होतं.

दुसरीकडून विचार केला. एरवी मला शंका आली की नापास. इथे मला शंकाच नव्हती, आणि तरीही नापास. असला निकाल मी आयुष्यात दिला नव्हता.

"पुरेसा पुरावा नाही," मी सांगितलं. "मैदानावरचा निर्णय कायम."

बाहेर आरडाओरडा झाला. भाभींनी माझा हात हातात घेतला. मी तिथेच अंधारात थोडं रडून घेतलं आणि चष्मा पुसून बाहेर आले.

उन्हात पहिल्यांदा काही दिसेना. मग दिसलं. पूर्वी गवतावर बसली होती, टोप मांडीत, केस घामाने चिकटलेले, माहीन तिच्या गळ्यात पडलेली. शेजारी प्रसाद, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात केमिस्ट्रीची बॅग. मला बघून त्याने बॅग पाठीमागे लपवली. एवढं सगळं झाल्यावर लपवायला त्याला बॅगच सुचली.

झहूरभाई जवळ आले. "वहिनी, माफ करा. पोरीनां शपथ घातलीवती."

"कुणाकुणाला माहीत होतं?"

त्यांनी मैदानाकडे हात केला. वॉरनला, जहराच्या टँकरवाल्यांना, चहाच्या टपरीवाल्याला, सगळ्यांना.

इलियासलाही. तो गर्दीतून आला तसे झहूरभाई मध्ये सरकले, पण तो थांबला नाही. माझ्यासमोर उभा राहिला, पूर्वीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तीन जानेवारीचाच निर्णय," तो म्हणाला.

"तोच."

त्याने छातीवर हात ठेवला आणि मान लववली. जाताजाता झहूरभाईंना म्हणाला, पुढच्या सीझनला सालमियासाठी मोज्यांची ऑर्डर घ्या.

गाडीत प्रसादने दोनदा घसा साफ केला.

"केमिस्ट्री कोण शिकवत होतं?" शेवटी मी विचारलं.

"मी," प्रसाद म्हणाला. "गाडीत. येताजाता. नाहीतर मला वेळ कुठे असतो?"

मागच्या सीटवरून पूर्वी म्हणाली, "डिड यू नो इट वॉज मी?"

"हो."

"बिफोर यू डिसायडेड?"

"आधी."

"इट वॉज डाउन, आई."

"मला माहीत आहे."

"देन व्हाय?"

"मला माहीत होतं. कॅमेऱ्याला नव्हतं."

ती रडली. दाबून नाही, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. मी मागे हात केला. तिने तो धरला नाही, मग बऱ्याच वेळाने धरला. रिग्गईचा सिग्नल आला तेव्हा तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "आय'म प्लेइंग नेक्स्ट यिअर." विचारलं नाही. सांगितलं.

माझं तोंड उघडलं होतं. मान, दात, बारावी, गुडघे. शंका सगळ्या जागेवर होत्या. पण ही तर सगळा सीझन खेळली, मार्क वाढले आणि मान धडावर आहे. उलटवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

"मैदानावरचा निर्णय कायम," मी म्हटलं.

प्रसादने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. स्टिअरिंगवर त्याची करंगळी ताठ उभी होती. त्याच्याशी मला वेगळं बोलायचं आहे, आणि ते मी लिहून वगैरे काढणार नाही.

आज सकाळी झहूरभाई पेढे घेऊन आले. कॅमेरे कायमचे झाले. पुढच्या वर्षी पोर्टाकॅबिनला दुसरा एसी आणि माझ्यासाठी चांगली खुर्ची.

"पुरुषांचे सामने मी बघीन," मी म्हटलं. "मुलींच्या वेळी आत दुसरं कुणीतरी बसवा."

"का वहिनी? काल तर तुमी सिद्धच करून दाखवलाव. तुमच्यासारखा न्याय—"

"न्यायाचं नाही, झहूरभाई. इतके दिवस तिचा पाय पाहिला, कोपर पाहिलं, बोटं पाहिली. मला बाहेर खुर्ची द्या. तिला अख्खी पळताना बघायचंय."